डावीकडची शिडी

दुबईहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, काय काय आणलं? मी खजुराचा एक डबा आणला, आणि तोही फुजैराच्या बंदरावरच्या एका अधिकाऱ्याने बळेच हातात ठेवलेला. अत्तर नाही, सोनं नाही, उंच इमारतीसमोर उभं राहून काढलेला फोटो नाही. जाताना मी माझा सर्व्हेयरचा शिक्का घेऊन गेलो होतो. तो परत आणला, पण आता तो टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवण्यापुरताच उरला आहे.

मी मूळचा रत्नागिरीचा. वय चोपन्न. जहाजं तपासणं हा माझा धंदा. नवं जहाज बांधून झालं की ते कागदावर लिहिल्याप्रमाणेच बांधलं आहे का, हे पाहायचं, पत्रे हातोडीने ठोकायचे, वेल्डिंग बघायचं आणि सर्टिफिकेटवर सही करायची. या कामात माणसाची सही हीच त्याची अब्रू. माझी बारा वर्षांपूर्वीच गेली होती. ती गेल्याचं फक्त मला माहीत होतं.

तेव्हा मी पूर्वेकडच्या एका देशातल्या गोदीत 'किनारी सर्वेक्षण नौका' तपासायला गेलो होतो. जहाज छोटं, देखणं. पुढच्या डेकवर, अगदी मधोमध, कागदावर 'क्रेनचा पाया' होता. मी हातोडी मारली. साधा पत्रा टणकन वाजतो. हा पाया मुका होता. खाली भरपूर पोलाद होतं, कुठल्याही क्रेनला लागणार नाही इतकं. मला त्याच क्षणी कळलं की इथे कधीतरी तोफ बसणार.

आणि मी लिहिलं, 'क्रेनचा पाया, समाधानकारक.'

मला कोणी पैसे चारले नव्हते. चारले असते तर निदान सांगायला सोपं गेलं असतं. गणपती चार दिवसांवर आले होते आणि मला घरी पोचायचं होतं. शंका काढली असती तर आठवडाभर तिथेच अडकलो असतो. आमच्या घरी मखर मी करतो. त्या वर्षी मी मयूरासनाचं मखर केलं होतं. सगळ्यांनी वाखाणलं.

गेल्या वर्षी वर्तमानपत्रात एक फोटो आला. दोन देशांचं युद्ध चालू आहे. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही, वाचणाऱ्याला एकाची बाजू घ्यावीशी वाटेल आणि माझं म्हणणं बाजूला राहील. फोटोत एक गनबोट होती, पुढच्या डेकवर तोफ असलेली, आणि तिच्यापुढे अर्धी बुडालेली मच्छिमारांची बोट. अकरा माणसं होती त्या बोटीत. गनबोटीला करडा रंग दिला होता, नाव बदललं होतं, पण मी ती शिडीवरून ओळखली. जहाज चालवतात त्या वरच्या केबिनला ब्रिज म्हणतात. ब्रिजवर चढायची शिडी या जातीच्या जहाजांना उजवीकडे असते. हिला डावीकडे होती. ती मीच डावीकडे घ्यायला लावली होती, कारण उजवीकडचं दार शिडीवर उघडायचं आणि त्या दाराने माझं कपाळ फोडलं होतं. चार टाके. खूण अजून आहे. डेकवरचा तोफेचा पाया डोळ्याआड करणाऱ्या माणसाने स्वतःचं कपाळ फुटल्यावर मात्र चोख शेरा लिहिला होता.

ते कात्रण मी पाकिटात ठेवलं. आणि मग तीन महिन्यांनी दुबईहून पत्र आलं.

दुबई मरीना, शुक्रवार

विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन एक मुलगी उभी होती. मृण्मयी, वय सव्वीस, शारजात वाढलेली, जहाज विकत घेणाऱ्यांच्या एजंट कंपनीत नोकरीला. आईवडील साताऱ्याचे.

"पाटणकर काका? वेलकम! बॅग द्या. अहो द्या ना, काका, ट्रॉली आहे."

मी मराठीत विचारायचो, ती मराठीत सुरू करून इंग्रजीत उतरायची, आणि मध्येच ड्रायव्हरला "यल्ला, भैया, लेफ्टवाली लेन" असं तीन भाषांत सांगायची. तिच्याकडून मला प्रकरण समजलं ते असं. फुजैराच्या बाजूला एका यार्डात एक 'किनारी सर्वेक्षण नौका' बांधून तयार आहे. विकत घेणारी कंपनी कागदोपत्री खासगी, पण मागे लढणाऱ्यांपैकी एक देश. दुसऱ्या देशाच्या वकिलातीने तक्रार केली की ही युद्धनौका आहे, तटस्थ देशाने ती सोडता कामा नये. पहिल्याने उत्तर दिलं, जहाजावर साधी बंदूकसुद्धा नाही, अडवाल तर तुमची तटस्थता संपली. दोन महिने असे खलिते चालू होते. शेवटी इथल्या बंदराने तोडगा काढला: एक सर्व्हेयर दोघांनी मिळून निवडा, तो सांगेल ते आम्ही मानू.

"घेणाऱ्यांनी तीन नावं दिली," मृण्मयी म्हणाली, "आणि त्या दुसऱ्या एम्बसीवाल्या मॅडमनी तुमचं सिलेक्ट केलं. इंडियन, न्यूट्रल, तीस वर्षांचा क्लीन रेकॉर्ड."

क्लीन रेकॉर्ड.

ही युक्ती जुनी आहे. जहाज तटस्थ देशात बांधायचं आणि मोकळ्या हाताने बाहेर काढायचं. तोफ दुसऱ्या जहाजातून निघते. दोघांची गाठ भरसमुद्रात पडते आणि तिथे काय होतं ते कुठल्याच बंदराच्या वहीत येत नाही. म्हणून जहाजावर तोफ आहे का, हा प्रश्नच फसवा. तोफ बसायची जागा आहे का, हा खरा प्रश्न.

हॉटेल मरीनाच्या काठावर होतं. खाली पांढऱ्या नौका, वर माना दुखेपर्यंत इमारती. खोलीत फळांची टोपली. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथे आधी थंड, सुगंधी ओला टॉवेल देतात, तो घामासाठी की पुढच्या बोलण्यासाठी, ते जेवणाच्या वेळी समजलं. जेवायला घेणाऱ्या देशाचा नौदल सल्लागार आला होता. साध्या कपड्यांत, हसरा, मऊ आवाजाचा.

"पूर्वी तुम्ही आमचं एक काम केलंत," तो इंग्रजीत म्हणाला. "तेव्हा कंपनीचं नाव वेगळं होतं. तुम्ही शहाणे आहात. फार खोदत बसत नाही."

त्याने एक डबी पुढे केली. आत पेन होतं. काळं, जड, सोनेरी टोकाचं.

"सहीसाठी," तो म्हणाला.

आता खरं सांगतो. त्या क्षणी मी उठलो नाही. डबी खिशात घातली, माशाचा तुकडा संपवला, वर आईस्क्रीमही खाल्लं. मुंबईहून निघताना मी बायकोला सांगितलं होतं की या खेपेला सगळं नीट करणार. पण खोलीत गेल्यावर मी ते पेन कागदावर चालवून पाहिलं. छान चालत होतं. निवृत्तीला चार वर्षं होती. मी सही करून परतलो असतो, ही शक्यता त्या रात्रीपर्यंत पुरती शाबूत होती.

फुजैरा, शनिवार

सकाळी मृण्मयी गाडी घेऊन आली. दुबई मागे पडली की वाळू, आणि वाळू संपली की एकदम डोंगर. कोकणात वाढलेल्या माणसाला हे डोंगर आधी अंगावर येतात. आपल्या सह्याद्रीला कातडी आहे. गवत, शेवाळ, झाडी. यांना नाही. तपकिरी, उघडे, कडेकडेने चिरलेले. पण बघता बघता मला ते आवडायला लागले. त्यांच्यात काही लपवायची सोय नव्हती.

पलीकडे उतरलो तर समुद्र. क्षितिजापर्यंत तेलाची जहाजं नांगरून पडलेली, शेकड्यांनी असावीत असं वाटलं. आधी बंदराच्या कचेरीत हजेरी लावायची होती. तिथले अधिकारी एक कॅप्टन, पायघोळ पांढरा कंदुरा, पांढरी दाढी, तरुणपणी मुंबई बंदरात जाऊन आलेले. हिंदी बोलतात ती जोरात आणि व्याकरणाशिवाय.

"बंबई! वडापाव! बैठो, सदीक."

सदीक म्हणजे दोस्त. एका माणसाने पितळी भांड्यातून फिंजान म्हणतात त्या वाटीएवढ्या कपात कॉफी ओतली. फिकट, वेलदोड्याच्या वासाची. रात्रीच्या आईस्क्रीममुळे माझं पित्त उसळलं होतं. म्हटलं थोड्या वेळाने घेऊ, आणि कप तसाच समोर ठेवला.

कॅप्टनचं हसू थांबलं. ते पुढे झुकले. "बोलो. क्या चाहिए?"

"कुछ नहीं," मी म्हणालो.

"नहीं, बोलो. मेरा घर, तुम मेहमान."

मला काही उमजेना. मृण्मयी घाईघाईने माझ्या कानाशी आली. "काका, कप उचला! पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही. जुना रिवाज आहे."

"अगं, मला ॲसिडिटी आहे."

तिने ते अरबीत सांगितलं. कॅप्टन इतके हसले की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला. मी कॉफी प्यालो. ओतणाऱ्याने पुन्हा भरली. पुन्हा प्यालो. पाचव्या कपाला मृण्मयी म्हणाली, "काका, आता कप हातात हलवा, असा. नाहीतर तो खलास होईपर्यंत ओतत राहील." मी कप हलवला. ओतणारा माणूस मान झुकवून मागे झाला. आपल्याकडे 'पुरे' म्हटल्यावर वाढणारीला जोर चढतो. इथे मनगटाच्या एका झटक्यात भागतं.

मग यार्ड. आणि ते जहाज.

तोच बांधा. रंग पांढरा, बाजूला निळा पट्टा, पण मी डोळे मिटूनही त्यावर फिरलो असतो. यार्डाच्या माणसाने सांगितलं की हा अगदी नवा आराखडा आहे, नवीन डिझायनरचा. घेणाऱ्यांनी तसं लेखी दिलं होतं. आधीच्या कुठल्याही जहाजाशी याचा संबंध नाही. मी मान डोलावली. पुढच्या डेकवर गेलो. मधोमध तोच गोल पाया. हातोडी मारली.

मुका.

मागे वळून ब्रिजकडे पाहिलं. शिडी डावीकडे होती.

जवळ गेलो. उजवीकडची जागा मोकळी. जे दार माझ्या कपाळावर आदळलं होतं, ते या जहाजाला नव्हतंच. दार मागच्या बाजूला नेलं होतं. शिडी डावीकडे असायचं काही कारणच उरलं नव्हतं. उलट डावीकडे एक पाइप येत होता आणि चढणाऱ्याला त्याच्यावरून पाय उचलून टाकावा लागत होता. ज्याने आराखडा उतरवला त्याने माझी शिडी तशीच उतरवली होती, कारण न विचारता. मी कपाळावरून हात फिरवला.

जेवणाच्या सुट्टीत यार्डाच्या कँटीनबाहेर सावलीत बसलो होतो. एक वेल्डर समोर येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, भुवया ठिणग्यांनी जळलेल्या.

"साहेब, रत्नांग्रीचे ना? मघाशी फोनवर बोलत होतात, त्यावरून वळखलं. मी दत्ताराम. गुहागरजवळचा."

त्याने डब्यातला सुका जवळा माझ्या भातावर घातला, विचारलंही नाही. चार घास झाल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाला, "त्यो फुडचा पाया मी मारलाय, साहेब. पंधरा वर्सं क्रेना बसवल्या. क्रेनला असला पाया? त्येच्यावर माझी वाडी उचलून ठेवली तरी वाकायचा नाय. आनि त्येच्या खाली एक बीळ हाय, वरून पत्रा मारून झाकलंय. त्या बिळातनं काय वर चढवनार, सर्वेक्षन?"

तोफगोळे वर घ्यायचीच ती वाट होती. "हे मला लिहून देशील?"

तो डबा आवरायला लागला. "उद्या रविवार. आमी दुबईत असतो, इंटरनॅशनल सिटीत. या जेवायला. हितं नको."

संध्याकाळी हॉटेलात परतलो. सल्लागाराचा निरोप होता, 'सोमवारी अकरा वाजता बंदराच्या कचेरीत भेटू. पेन आणायला विसरू नका.' मी डबी रिसेप्शनवर ठेवली, वर त्याचं नाव लिहिलं, बॅग घेतली आणि मृण्मयीला फोन केला.

"काका, चेकआउट? अहो, सोमवारपर्यंत बुकिंग आहे!"

"बुकिंग त्यांचं आहे. मला इंटरनॅशनल सिटीला सोड."

ती म्हणाली, "काका, तिथे बेडस्पेस असते. म्हणजे फक्त बेड. आर यू शुअर?"

"फक्त बेडच हवाय."

इंटरनॅशनल सिटी, रविवार

या वसाहतीत गल्ल्यांना देशांची नावं आहेत. इंग्लंडच्या शेजारी चीन, फ्रान्सच्या पलीकडे पर्शिया. दत्ताराम राहतो रशियात, आणि भाजी आणतो मोरोक्कोतून. सगळ्या जगातले देश इथे भिंतीला भिंत लावून नांदतात आणि भांडण होतं ते फक्त पार्किंगवरून.

एका खोलीत सहा जण, सगळे कोकणातले. दाराशी चपलांचा ढीग, खिडकीत वाळणारे कपडे, कोपऱ्यात देव्हारा म्हणून बुटाचं एक रिकामं खोकं, आत फ्रेम आणि विजेचा दिवा. मला सगळ्यात चांगला, पंख्याखालचा पलंग दिला आणि ज्याचा तो होता तो माणूस निमूटपणे जमिनीवर झोपला. हे मला सकाळी समजलं.

दुपारी सुरमई तळली. इथे तिला कनाद म्हणतात. तांदळाची भाकरी, सोलकढी. कोकमाचं आगळ गावाहून आलेलं, बाटलीवर कुणाच्या तरी आईच्या अक्षरात तारीख. मरीनातल्या माशापेक्षा हा चांगला होता असं मी म्हटलं तर त्यांना ते तोंडदेखलं वाटलं.

"साहेब, उगाच कायतरी!"

"शपथ."

"मग अजून एक तुकडी घ्या. शपथ पोटात दिसू दे."

जेवण झाल्यावर मी कात्रण काढलं आणि सगळ्यांसमोर ठेवलं. सांगितलं. हातोडी, मखर, अकरा माणसं. त्यांच्यातले दोघे दर्यावर वाढलेले होते. एकाने फोटोतल्या बुडत्या बोटीकडे बोट नेलं. "आमची पन असलीच हुती," एवढंच म्हणाला.

दत्ताराम म्हणाला, "साहेब, मी तुमाला सांगितलं ते सांगितलं. पन माज्या नावानं नको. व्हिसा यार्डाचा हाय. दोन लेकी शिकतायत. मी गेलो तर..." त्याने वाक्य सोडलं. "तुमी मला भ्याड म्हना."

"भ्याड मी होतो," मी म्हणालो. "मला तर कुणी काढूनसुद्धा टाकणार नव्हतं. तुझं नाव मी घेणार नाही, दत्ताराम. शब्द देतो."

शब्द दिला आणि मग कळलं की आता हातात पुरावा उरला नाही. 'पाया जाड आहे' म्हटलं तर सल्लागार म्हणेल, मजबूत क्रेन हवी होती. खालच्या बिळाविषयी सांगितलं तर विचारतील, पत्र्याखालचं तुम्हाला कुणी दाखवलं? ते जहाज आणि फोटोतलं जहाज एकच, हे सिद्ध करणारी एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती सांगायची तर स्वतःला उघडं पाडावं लागत होतं. मी ज्या वाटेने पळालो होतो तीच एक वाट उघडी होती. दुपारभर त्या सहा जणांच्या घोरण्यात मी छताकडे बघत पडलो, आणि नवल म्हणजे मला हलकं वाटायला लागलं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी द्यायला काहीतरी होतं.

पुन्हा फुजैरा, सोमवार

कॅप्टनच्या खोलीत एका बाजूला सल्लागार. दुसऱ्या बाजूला दुसऱ्या वकिलातीच्या बाई. साठीच्या, राखाडी केस, समोर कागदांची एक पातळ फाईल. मृण्मयी माझ्या मागे. कॉफी आली. सगळ्यांनी घेतली.

मी कप उचलला, नाकाशी नेला आणि न पिता खाली ठेवला.

कॅप्टनने पाहिलं. "पेट खराब, सदीक?"

"नहीं, कॅप्टनसाब. आज पेट ठीक है."

ते खुर्चीत सरळ झाले. "बोलो."

"मेरा पूरा बात सुनो. बीच में कोई नहीं रोकेगा. उसके बाद कॉफी."

सल्लागार इंग्रजीत म्हणाला, "याची गरज काय? अहवाल एका पानाचा आहे. सही करायची आहे."

कॅप्टनने त्याच्याकडे न बघता हात वर केला. "मेहमान ने फिंजान नीचे रखा है." मग मला म्हणाले, "सुनेगा. पूरा."

मी इंग्रजीत बोललो, सर्वांना कळावं म्हणून.

"हे जहाज नवीन आराखड्याचं नाही. ते बारा वर्षांपूर्वीच्या एका जहाजाची नक्कल आहे. ते जहाज आज गनबोट आहे. हा तिचा फोटो." मी कात्रण टेबलावर ठेवलं. "फोटोत शिडी डावीकडे आहे. तुमच्या यार्डातल्या जहाजाला शिडी डावीकडे आहे. का आहे, ते घेणाऱ्यांना विचारा."

सल्लागार हसला. "शिडी कुठेही असू शकते."

"असू शकते. पण या जहाजावर ती डावीकडे असल्याने चढणाऱ्याला पाइप ओलांडावा लागतो. असं कुणी मुद्दाम करत नाही. पहिल्या जहाजाला उजवीकडे दार होतं, ते शिडीवर आपटायचं. ते इथे आपटलं होतं." मी कपाळावर बोट ठेवलं. "चार टाके. शिडी मी हलवायला लावली. माझ्या सहीचा शेरा त्या जहाजाच्या कागदांत आहे. आणि त्याच कागदांत, त्याच सहीने, मी तोफेच्या पायाला क्रेनचा पाया म्हटलं आहे. मला माहीत होतं. तरी लिहिलं. हे गृहस्थ जिच्यावर विसंबून मला इथे घेऊन आले, ती ही सही."

सल्लागाराचा मऊ आवाज गेला. "म्हणजे तुम्ही कबूल करता की तुम्ही खोटे दाखले देता. मग आजचा तुमचा शब्द तरी कशाला मानायचा?"

"मानू नका," मी म्हणालो. "पत्रा कापा. पायाखाली काय आहे ते बघा. क्रेनचाच पाया निघाला तर मला खोटा म्हणा, दुसऱ्यांदा."

"तुम्हाला पुन्हा कुठलंही जहाज तपासता येणार नाही, याची मी व्यवस्था करेन."

"ती मीच केली आहे. माझ्या कंपनीला सकाळी पत्र गेलं."

हे खरं होतं. मृण्मयीच्या लॅपटॉपवरून पाठवलं होतं. तिने वाचलं आणि फक्त एक चुकलेली तारीख दुरुस्त केली. आता सल्लागार तिच्याकडे वळला. "तुझी कंपनी आमची एजंट आहे. हे तुला माहीत होतं?"

"हो सर," ती म्हणाली. "मी त्यांना रस्ताभर ड्राइव्ह केलं. कुठलंच वळण चुकले नाही."

वकिलातीच्या बाई इतका वेळ कात्रणाकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली. "या बोटीतल्या अकरा जणांतले चौघे माझ्या गावचे होते," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव मी निवडलं, कारण तुमच्या कागदावर एकही डाग नव्हता."

त्यांनी कात्रणाची घडी घालून ते फाईलमध्ये ठेवलं.

"मी तुमचे आभार मानणार नाही."

"मी त्यासाठी आलो नाही."

"क्षमाही करणार नाही."

"ती मागितलेली नाही, बाई. जहाज अडवा, एवढंच."

कॅप्टन उठले. खिडकीपाशी गेले. तिथून यार्डाची क्रेन दिसत होती, खरीखुरी क्रेन. त्यांनी फोन उचलला आणि अरबीत दोन वाक्यं बोलले. मृण्मयी माझ्या कानात पुटपुटली, "पत्रा कापायला सांगतायत. आजच."

मग त्यांनी स्वतः भांडं घेतलं, माझा गार झालेला कप ओतून टाकला आणि नवीन भरला.

"पियो," ते म्हणाले. "जो माँगा, मिल गया."

मी प्यालो. कडू, गरम, वेलदोड्याची. ते पुन्हा ओतायला झुकले, तेव्हा मी कप हलवला.

घरी

परत येऊन दोन महिने झाले. कंपनीने शिक्का रद्द केला, चौकशी चालू आहे, आणि शेजारपाजारचे लोक माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलतात. एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "एवढं काय अडलं होतं? तू सही केली नसतीस तर दुसऱ्याने केली असती." बारा वर्षांपूर्वी मी हेच म्हणालो होतो. करू दे दुसऱ्याला. निदान त्याला आधी मला ओलांडून जावं लागेल. पत्रा कापल्यावर खालचं बीळ सापडलं, आणि जहाज अजून तिथेच आहे. दोन्ही देशांचे खलिते चालू आहेत, आता ते दुसऱ्या शब्दांवर भांडतात. मृण्मयीने नोकरी बदलली. फोनवर म्हणाली, "काका, बेटर पॅकेज, रिअली," आणि ते खरं आहे की माझ्यासाठी म्हटलं, ते मला कळलं नाही.

गेल्या रविवारी दत्तारामने फोटो पाठवला. पाया कापून काढला होता. पोलादाचं ते जाडजूड कडं यार्डाच्या वाळूत पडलं होतं आणि त्याच्या आत दत्तारामची माणसं डबे उघडून जेवत बसली होती. कापायचं काम त्यालाच मिळालं होतं. खाली त्याचा निरोप होता.

'साहेब, यार्डवाले इचारतात, शिडी पन काढून उजवीकडं घालू का? पाइप मधी येतोय.'

हे जहाज उद्या कुणी तरी विकत घेईल. नवा रंग लागेल, नवं नाव येईल. समुद्रावर ते कुठे कुठे फिरेल, ते मला कुणी कळवणार नाही. कधीतरी वर्तमानपत्रात फोटो येईल, कदाचित चांगल्या कामाचा, कदाचित नाही.

मी लिहिलं, 'हलवू नको. डावीकडेच राहू दे. मला ओळखता आली पाहिजे.'